संदर्भ दिला, स्पष्टीकरण कुठे आहे?

सहावीत सांगतात, तुझं म्हणणं मांडताना मजकुरातला पुरावा दे. सातवीत सांगतात, एकावर भागवू नकोस, अनेक पुरावे दे. आठवीत सांगतात, त्यांतला सर्वांत भक्कम कोणता ते तूच ठरव आणि तोच दे. अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये ज्या विषयाला ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ किंवा नुसतं ‘ईएलए’ म्हणतात, त्याचा कणा या तीन पायऱ्यांत आहे. २०१० साली तिथल्या गव्हर्नरांच्या आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून ‘कॉमन कोअर’ ही मानकं, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावं याची यादी, जाहीर केली. त्यांतल्या वाचनाच्या पहिल्याच मानकाची ही तीन इयत्तांतली चढण. टेक्सास आणि व्हर्जिनियाने ती मानकं कधी स्वीकारलीच नाहीत, न्यू जर्सीसारख्या राज्यांनी पुढे नाव बदललं. तरी कुठल्याही राज्यात सातवीच्या तासाला जाऊन बसलात, तर टीचर एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारताना ऐकू येतील: हे तुला मजकुरात कुठे दिसलं?

मराठी शाळेत शिकलेल्यांना यात जुनी ओळख सापडेल. ‘संदर्भासहित स्पष्टीकरण करा.’ हे वाक्य कोणत्या पाठातलं, कोण कोणाला म्हणालं, कोणत्या प्रसंगी म्हणालं, आणि मग त्याचा अर्थ. आपल्याकडे यातला संदर्भ मुलं पाठ करायची आणि स्पष्टीकरण गाइडमधून यायचं. अमेरिकेतल्या वर्गात गाइड नसतं, तरीही गाडी तिथेच अडते. मुलं संदर्भ बिनचूक देतात आणि स्पष्टीकरणाच्या जागी काहीच नसतं. मुलांना ते झेपत नाही असं मला वाटत नाही. शाळांनी ते शिकवायची जी रीत पक्की केली आहे, तिच्यातच त्याला जागा उरलेली नाही.

मराठी घरात, मग ते न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं असो की कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं, तक्रार मात्र वेगळीच असते: ‘यांना ग्रामर शिकवतच नाहीत.’ मग भारतातून येताना बॅगेत रेन अँड मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक येतं, शनिवारी सकाळी वर्कशीटं सोडवली जातात, आणि पुढच्या निबंधावर टीचरचा शेरा पुन्हा तोच: ‘एक्सप्लेन मोअर.’ रोग एक, औषध दुसरं.

विषयाचा पसारा आधी पाहू. कॉमन कोअरमध्ये बारावीपर्यंतची मिळून ३२ मूळ मानकं आहेत: वाचनाची १०, लेखनाची १०, बोलण्या-ऐकण्याची ६ आणि भाषेची ६. लेखन तीन प्रकारचं. आपला मुद्दा पटवणारं, माहिती समजावणारं आणि गोष्ट सांगणारं. आठवीसाठी त्यांचं प्रमाण ३५, ३५ आणि ३० टक्के सुचवलं आहे. सहावीच्या मुलाने एका बैठकीत तीन पानं टाइप करावीत अशीही अपेक्षा आहे, आणि ती बऱ्याच पालकांना माहीत नसते. सातवीत एक महत्त्वाची भर पडते: आपला मुद्दा मांडताना विरुद्ध बाजूही मान्य करून तिची दखल घ्यायची. कागदावर हे सगळं चोख आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘मला असं वाटतं’वरून ‘मला असं वाटतं, कारण हे बघ’वर आणणं, यापेक्षा भाषेच्या तासाने आणखी काय करावं?

आता वर्गात काय होतं ते पाहू. फ्रेडरिक डग्लसचं १८४५ सालचं आत्मचरित्र घ्या. कॉमन कोअरच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी नमुन्याच्या मजकुरात ते आहे. बाल्टिमोरच्या घरात गुलाम असलेल्या या मुलाला मालकीण मुळाक्षरं शिकवू लागते आणि मालक ते बंद पाडतो. गुलाम वाचायला शिकला की हाताबाहेर जातो, असं त्याचं म्हणणं. मग हा पोरगा कामाला बाहेर पडताना पुस्तक बरोबर ठेवतो, घरातला पाव घेतो आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना तो पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकतो. प्रश्न येतो: डग्लसला शिक्षणाबद्दल काय वाटतं, पुराव्यानिशी लिहा.

सर्वसाधारण उत्तर असं येतं: ‘डग्लसला शिक्षण फार महत्त्वाचं वाटत होतं. मजकुरात म्हटलं आहे की तो गोऱ्या मुलांना पाव देऊन वाचायला शिकत असे. यावरून दिसतं की त्याला शिक्षण फार महत्त्वाचं वाटत होतं.’

तिसरं वाक्य म्हणजे पहिलंच, कपडे बदलून आलेलं. व्याकरण निर्दोष, स्पेलिंग निर्दोष, पुरावा योग्य. पण पावाबद्दल एक अक्षर नाही. पावच का? पाव या गुलामाच्या हाताला लागत होता आणि त्या स्वतंत्र मुलांना तो मिळत नव्हता. त्यांच्याकडे अक्षरं होती, याच्याकडे नव्हती. ज्याला स्वतःच्या देहावरही हक्क नाही तो मुलगा रस्त्यावर बरोबरीच्या नात्याने देवघेव करतो आहे. आणि मालकाने बंदी घातली नसती, तर अक्षरांची किंमत त्याला इतकी कळली असती का? या वाक्यांना स्पष्टीकरण म्हणतात. त्यांतलं एकही आठवीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

मग ती का येत नाहीत? वर्गाच्या भिंतीवर बघा. तिथे बहुधा ‘रेस’ नावाचा तक्ता असतो. आर म्हणजे प्रश्न पुन्हा मांडा, ए म्हणजे उत्तर द्या, सी म्हणजे पुरावा द्या, ई म्हणजे समजावून सांगा. काही शाळांत हाच साचा ‘क्लेम, एव्हिडन्स, रीझनिंग’ या नावाने येतो. पहिल्या तीन पायऱ्या खरोखर शिकवता येतात, कारण त्यांत काय करायचं ते ठरलेलं आहे. चौथ्या पायरीसाठी मुलांना वाक्याची सुरुवात तयार करून देतात: ‘यावरून दिसतं की…’ घोटाळा नेमका इथे होतो. ‘यावरून दिसतं की’च्या पुढे व्याकरणदृष्ट्या निष्कर्षच बसतो, आणि मुलाकडे निष्कर्ष एकच असतो, जो त्याने आधीच पहिल्या ओळीत लिहिला आहे. तो बिचारा तोच पुन्हा लिहितो. चूक त्याची कमी, त्या अर्धवट वाक्याची जास्त. असा परिच्छेद चॅटजीपीटी दोन सेकंदांत लिहून देतं, आणि त्यात त्या यंत्राच्या हुशारीचा फारसा वाटा नाही. साचाच इतका पोकळ आहे की त्यात काहीही ओतता येतं.

साच्याची बाजूही ऐकली पाहिजे. मिडल स्कूलच्या एका टीचरकडे पाच वर्ग आणि प्रत्येकात पंचवीस मुलं धरली तर १२५ निबंध होतात. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली, तरी १२५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ एकवीस तास. एका निबंधासाठी, आणि तेही शाळेच्या वेळेबाहेर. साच्यात लिहिलेला परिच्छेद तीन मिनिटांत तपासून होतो. शिवाय ज्या मुलाला कोऱ्या कागदाची भीती वाटते, किंवा जे दोन वर्षांपूर्वीच या देशात आलं आहे, त्याला ‘इथून सुरू कर’ असं सांगणारं काहीतरी हवंच. इमारत बांधताना परांची लागते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो परांची उतरवण्याबद्दल. सहावीत बांधलेली परांची आठवीच्या शेवटीही तशीच उभी असते, आणि बाहेरून बघणाऱ्याला तीच इमारत वाटू लागते.

ती का उतरत नाही? कारण वार्षिक परीक्षा. कॅलिफोर्निया आणि इतर काही राज्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ परीक्षेत मोठ्या लेखी उत्तराला दहा गुण असतात: हेतू आणि मांडणीला ४, पुरावा आणि त्याच्या विस्ताराला ४, लेखननियमांना २. ग्रामरची काळजी करणाऱ्या पालकांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. माझी तक्रार मधल्या चाराबद्दल आहे. पुरावा आणि विस्तार एकाच रकान्यात बांधल्यामुळे पुराव्याच्या ढिगाखाली पातळ स्पष्टीकरण लपून जातं. टेक्सासने २०२३-२४ पासून ‘स्टार’ परीक्षेतली लेखी उत्तरं मुख्यतः संगणकाकडून तपासायला सुरुवात केली. त्यांतली साधारण चौथाई उत्तरं माणसं पुन्हा तपासतात. साचेबद्ध लिहिणं यंत्राला वाचायला सोपं जातं, हे मुलांना आणि शिक्षकांना कळायला फार वेळ लागत नाही.

गंमत अशी की साचा खुद्द मानकांनाही पुरा पडत नाही. सातवीत विरुद्ध बाजूची दखल घ्यायची आहे. ‘रेस’च्या चार अक्षरांत तिला जागाच नाही. आठवीत सर्वांत भक्कम पुरावा निवडायचा आहे. निवड करायला आधी ढीग लागतो, आणि मुलाच्या हातात असतो दीड पानाचा उतारा. त्यात उपयोगी पडतील अशी वाक्यं जेमतेम तीन. म्हणजे निवड उतारा छापणाऱ्याने आधीच केलेली असते. मुलाने फक्त बोट ठेवायचं.

उताऱ्यांचं हे राज्य कसं आलं, यामागे एक गैरसमजही आहे. आठवीत वाचनाचं प्रमाण ४५ टक्के साहित्य आणि ५५ टक्के माहितीपर मजकूर असं सुचवलेलं आहे. हे प्रमाण ‘एनएईपी’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीच्या आराखड्यातून घेतलं आहे आणि ते मुलाच्या शाळेतल्या सगळ्या विषयांच्या वाचनाला मिळून आहे. विज्ञान आणि इतिहासाची पुस्तकं त्यात धरली आहेत. कॉमन कोअरमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कित्येक ठिकाणी हा आकडा एकट्या ईएलएच्या तासावर लादला गेला आणि कादंबऱ्या मागे पडून त्यांच्या जागी मधमाश्या, ज्वालामुखी आणि सेलफोनबंदीवरचे सुटे लेख आले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, मागच्या आठवड्यात वाचलेलं या आठवड्यात उपयोगी पडत नाही.

वाचन म्हणजे कुठल्याही मजकुराला लावता येणारं एक सुटं कौशल्य आहे, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९८८ साली रेख्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्याच ६४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनचाचणीत मागे असलेली पण बेसबॉल कळणारी मुलं, चाचणीत पुढे असलेल्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपण क्रिकेट घेऊ. ‘सिली पॉइंटने झेल सोडला’ हे वाक्य वाचायला मराठी उत्तम येऊन चालत नाही, तिथे उभं राहिलेल्याला बॅटपासून किती वेळ मिळतो ते माहीत असावं लागतं. माहिती असल्याशिवाय स्पष्टीकरण फुटत नाही. ‘एक्सप्लेन मोअर’ असा शेरा मारून ते बाहेर येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

इथे मराठी घर खरोखर कामाला येऊ शकतं. डग्लसच्या आत्मचरित्रानंतर तीनच वर्षांनी, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यातला एक माणूस बाल्टिमोरच्या प्रश्नाकडे आपल्या प्रश्नाचा आरसा म्हणून बघत होता. ही एवढी माहिती जेवताना कानावर पडलेलं मूल ‘मालक वाचायला का बंदी करतो’ या प्रश्नावर दोन ओळी जास्त लिहील, आणि त्या त्याच्या स्वतःच्या असतील. शनिवारच्या वर्कशीटांपेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

वर्षाला चार पूर्ण पुस्तकं वाचून घ्यावीत, असं माझं मत आहे. दोनशे पानांची कादंबरी, रोज पंधरा पानं, म्हणजे साधारण चौदा दिवस. लिहिण्या-बोलण्याला एखाद-दोन दिवस धरून तीन आठवडे. चार पुस्तकांचे बारा. बहुतेक राज्यांत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे छत्तीस आठवड्यांचं असतं. दोन-तृतीयांश वर्ष उरतंच. पुस्तक निवडताना पालकांनी लेक्साइलच्या, म्हणजे मजकूर किती अवघड ते सांगणाऱ्या, आकड्याला फार भुलू नये. तो वाक्यांची लांबी आणि शब्दांची दुर्मीळता मोजतो, आशय मोजत नाही. स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी त्या मोजपट्टीवर दुसरी-तिसरीच्या मुलांची ठरते. कॉमन कोअरच्या परिशिष्टातच हे उदाहरण दिलं आहे.

राष्ट्रीय चाचणीचे आकडे या वादात हटकून ओढले जातात, म्हणून एक खुलासा. २०२४ साली आठवीच्या ३३ टक्के मुलांना वाचनाची ‘बेसिक’ पातळीही गाठता आली नाही. या चाचणीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा आहे. ही बातमी गंभीर आहे. पण त्याच चाचणीत ३० टक्केच मुलं ‘प्रोफिशियंट’ निघाली म्हणून ‘सत्तर टक्के मुलांना इयत्तेचं वाचता येत नाही’ असं जे फॉरवर्ड होतं ते चूक आहे. तिथली ‘प्रोफिशियंट’ पातळी इयत्तेच्या सरासरीपेक्षा बरीच वर आहे.

राहिलं व्याकरण. ते शिकवत नाहीत हे खरं नाही, ते आपल्यासारखं शिकवत नाहीत. सहावीत सर्वनामं: कुणासाठी वापरलं तेच कळत नाही असं सर्वनाम शोधून दुरुस्त करणं. सातवीत वाक्यांश आणि उपवाक्यं, चुकीच्या जागी लोंबकळणारी विशेषणं. आठवीत धातुसाधितं, कर्तरी-कर्मणी प्रयोग, क्रियापदाचे आज्ञार्थ, संकेतार्थ वगैरे अर्थ. शब्दसंग्रहासाठी ग्रीक-लॅटिन मुळं. मानकांतलं सहावीचं उदाहरण आहे ऑडियन्स, ऑडिटरी, ऑडिबल. मराठी मुलाला हे एका मिनिटात समजतं: श्रोता, श्रवण, श्राव्य. धातू एक, शब्द तीन. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं सोमवारी इंग्रजीच्या तासाला असं उपयोगी पडतं, पण ते मुलाच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

सुट्या व्याकरणाच्या सरावाने लेखन सुधारतं का? चौथी ते बारावीच्या लेखनाबद्दलच्या प्रयोगांचा एकत्र आढावा ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ साली घेतला. त्यांच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच फरक नाही आणि उणे म्हणजे उलटा परिणाम. सारांशलेखन शिकवण्याचा परिणाम ०.८२ निघाला, वाक्यं जोडण्याच्या सरावाचा ०.५०, आणि सुट्या व्याकरणाचा उणे ०.३२. म्हणजे व्याकरणाला दिलेला तास दुसऱ्या कशाला दिला असता तर मुलं बरं लिहिती. वाक्यं जोडणं हेही व्याकरणच, फक्त ते लिहितालिहिता शिकायचं. ‘पाऊस आला. सामना थांबला. प्रेक्षक बसून राहिले.’ याचं ‘पाऊस आल्यामुळे सामना थांबला, तरी प्रेक्षक बसून राहिले’ करताना मूल ‘तरी’ हा शब्द वापरतं, आणि प्रेक्षकांबद्दल काहीतरी सांगून जातं. स्पष्टीकरणाचा जन्म अशाच अव्ययांत होतो.

शाळांनी काय बदलावं, तर थोडंच. सहावीच्या पहिल्या सहामाहीत ‘रेस’ जरूर वापरावी. दुसऱ्या सहामाहीत ‘यावरून दिसतं की’वर बंदी घालावी आणि त्याजागी तीन प्रश्न द्यावेत: या अवतरणातला कोणता शब्द काढला तर अर्थ कोसळेल? हे घडलं नसतं तर पुढचं काय हललं असतं? आणि हे न मानणारा माणूस काय म्हणेल? सातवीत पुराव्याच्या एका ओळीमागे स्पष्टीकरणाच्या किमान दोन ओळी, असा हिशेब ठेवावा. अवतरण पाच-सहा शब्दांचंच हवं. चार-चार ओळी उतरवून पान भरणारी मुलं बहुतेक वेळा स्पष्टीकरण टाळत असतात. आठवीत तक्ता भिंतीवरून उतरवावा. आणि सगळे १२५ निबंध पूर्ण तपासण्याचा हट्टही सोडावा: एका खेपेला फक्त अवतरणानंतरच्या दोन ओळी तपासल्या, तर निबंधामागे दोन मिनिटं, म्हणजे चार तासांत काम होतं आणि मुलाला नेमकं कळतं काय कमी पडलं.

घरी तपासायला आणखी सोपं आहे. मुलाचा परिच्छेद घ्या आणि पुराव्याचं वाक्य बोटाने झाका. उरलेलं वाचा. काहीच बिघडलं नाही, सगळं तसंच्या तसं शहाणपणाचं वाटतंय, तर त्या पुराव्याचं स्पष्टीकरण झालेलं नाही. मग एकच वाक्य द्या आणि ते तीनदा पुरं करायला सांगा. इंग्रजीत चालेल, मराठीतही चालेल. फ्रेडरिककडे पाव होता, कारण… फ्रेडरिककडे पाव होता, पण… फ्रेडरिककडे पाव होता, म्हणून… पहिली दोन वाक्यं मिनिटभरात होतात. तिसऱ्याला वेळ लागतो. तिथे सुचवू नका, थांबून राहा.